काशीदचा किनारा आणि शाळेचें वेळापत्रक

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरल्या, म्हणजे आपल्याकडे सहलींचा हंगाम सुरू होतो. मार्गशीर्ष-पौषांतील गार सकाळीं अलिबागेहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीदच्या सुरुबनापाशीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे सहलींच्या गाड्या एकामागून एक येतांना दिसतात. गाडीचें दार उघडतें, आणि देशावरचीं, मराठवाड्यांतलीं, खानदेशांतलीं मुलें जन्मांत पहिल्यानें समुद्र पाहतात. त्या वेळीं त्यांच्या तोंडून जी आरोळी निघते ती ज्यानें ऐकली असेल, त्यास शिक्षण म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. वर्षभर भूगोलाच्या पुस्तकांतून समुद्राची व्याख्या घोकलेलें मूल त्या एका क्षणीं समुद्र म्हणजे काय तें पाहतें.

पण त्याच क्षणीं दुसरीही एक गोष्ट उघडकीस येते. ज्या पाण्याकडे तें मूल धांवत सुटलेलें असतें, त्या पाण्याविषयीं त्याच्या शाळेनें त्याला बहुधा एक अक्षरही शिकविलेलें नसतें. भरती चालू आहे कीं ओहोटी, कोणत्या जागीं पाण्याला ओढ आहे, गुडघाभर पाण्यांत पायाखालची वाळू सरकली तर काय करावें, ह्यांपैकीं कशाचाही त्याला गंध नसतो. जानेवारी २०२३ मध्यें मराठवाड्यांतून शाळेच्या सहलीबरोबर आलेले दोन विद्यार्थी ह्याच काशीदच्या किनाऱ्यावर बुडाले. त्याच्या सात वर्षें अगोदर, १ फेब्रुवारी २०१६ रोजीं, येथून दक्षिणेस थोड्या अंतरावर असलेल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ विद्यार्थी एका दुपारींच समुद्रानें ओढून नेले. हीं मुलें अडाणी नव्हतीं. कांहीं तर पदवीच्या वर्गांत शिकत होतीं. त्यांनीं अनेक परीक्षा दिल्या होत्या व उत्तीर्णही केल्या होत्या. जी एक परीक्षा त्या दुपारीं समुद्रानें घेतली, तिचा अभ्यासक्रम मात्र त्यांना कोणीं दिलेला नव्हता.

अशा दुर्घटनेनंतर दोष कोणाच्या पदरीं घालावा ह्याचा खल आपल्याकडे पुष्कळ होतो, आणि चार दिवसांत विरूनही जातो. त्या खलांत पडण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांच्या घरचा दिवा विझला त्यांच्या दुःखावर पांडित्य करणें हें आम्हांस शोभणारही नाहीं. २०१६ नंतर शिक्षणखात्यानें सहलींचे नियम कडक केले, आणि समुद्र, नदी, उंच कडे अशा धोक्याच्या जागा टाळाव्या असें शाळांस बजावलें. नियम पाहिजेत, हें आम्ही प्रथमच मान्य करून टाकतों. परंतु मनाई करणें आणि शिकविणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. मनाईनें शाळेच्या अंगावरची जबाबदारी टळते. मुलाच्या अंगीं सामर्थ्य येत नाहीं. महाराष्ट्रास ७०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा आहे. नद्या, तळीं, विहिरी व कालवे तर गांवोगांव आहेत. ज्या पाण्यापासून मुलांस आज दूर ठेवावयाचें, तें पाणी मुलें मोठीं झालीं म्हणजे आटून जात नाहीं. शाळेनें न शिकविलेली गोष्ट तीं मग आपल्या हिंमतीवर शिकूं पाहतात, आणि त्या हिंमतीची किंमत कधीं कधीं प्राणानें द्यावी लागते.

वास्तविक पाहतां ही सारी विद्या एका तासाच्या पाठाची आहे. लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें पाणी कोठून तरी परत गेलेंच पाहिजे. पुष्कळदां तें एका अरुंद पट्ट्यांतून मोठ्या वेगानें परत फिरतें. हा पट्टा वरून शांत दिसतो, कारण तेथें लाटा कमी फुटतात. आणि नवखा मनुष्य नेमकी तीच जागा निर्धोक समजून पाण्यांत उतरतो. अशी ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशीं झुंजत बसूं नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडावें. पोहतां येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगण्याचा प्रयत्न करावा, व हात वर करून हांक मारावी. कांठावर असलेल्यानें आंत उडी न घेतां दोर, काठी, रिकामा डबा जें हातीं लागेल तें बुडणाऱ्याकडे फेकावें, आणि ताबडतोब जाणत्या माणसास बोलवावें. काशीदच्या शेजारच्या कोणत्याही कोळीवाड्यांतील वृद्ध मनुष्य हा पाठ देऊं शकेल. आपल्या शाळेंत मात्र त्याला प्रवेश नाहीं, कारण तो कोणत्याही विषयांत बसत नाहीं!

आमच्या आजच्या विषयाचें मर्म ह्याच एका वाक्यांत आहे. जीवनाला ज्याची गरज आहे तें विषयांत बसत नाहीं, आणि विषयांत जें बसविलें आहे तेवढ्यानें जीवन चालत नाहीं. पोहणें हें आम्हीं केवळ उदाहरणादाखल घेतलें. तें जिवावरचें असल्यामुळें डोळ्यांत भरतें इतकेंच. चित्र काढणें, गाणें, खेळणें, शिवणें, रांधणें, लांकूड तासणें, रोप लावणें, आपल्या शरीराची ओळख करून घेणें, मनांतलें दुःख शब्दांत सांगतां येणें, ह्या सर्वांची शाळेंत गति तीच आहे. वेळापत्रकावर त्यांचीं नांवें असतात. परंतु परीक्षा जवळ आली कीं चित्रकलेचा तास गणिताच्या, व खेळाचा तास इंग्रजीच्या स्वाधीन होतो, हें कोणत्या पालकास ठाऊक नाहीं? ज्या तासाचा बळी सर्वांत आधीं दिला जातो तो तास निरुपयोगी असला पाहिजे, असें मुलें आपोआप शिकतात. आणि हा धडा मात्र तीं कधीं विसरत नाहींत.

विस्तृत अभ्यासक्रम मागणाऱ्यांवर नेहमीं असा आक्षेप येतो कीं, ह्यांना मूळ विषय कच्चे ठेवावयाचे आहेत. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असत. आज त्या गेल्या, व अपूर्णांक आले. आणि पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हें पुष्कळ मुलांस पांचवी-सहावींतही उमजत नाहीं अशी गुरुजनांची तक्रार ऐकूं येते. आतां कोंकण किनाऱ्यावरचा एक जुना आडाखा पाहा. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणून सुमारें तीन वाजतां भरती. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते, तिचा हा ढोबळ हिशेब. किनाऱ्यावरच्या शाळेनें वाळूंत एक खुंटी रोवली, आणि मुलांनीं पंधरा दिवस पाणी कोठवर व किती वाजतां आलें ह्याची वही ठेवली, तर तींत अपूर्णांक आहेत, पंचांग आहे, चंद्राच्या कला आहेत, आलेख आहे, आणि उधाण व भांग ह्यांतील भेद आहे. आडाखा व प्रत्यक्ष वेळ ह्यांत कांहीं मिनिटांचें अंतर कां पडतें असा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याला शास्त्राची दीक्षा मिळाली असें खुशाल समजावें. शिवाय तेंच मूल उद्यां परगांवच्या पाहुण्यास सांगेल कीं, आतां ओहोटीची ओढ आहे, पाण्यांत उतरूं नका. एकाच पाठानें गणित पक्कें होतें व मनुष्यही वांचतो. ह्याहून मूळ विषयाची मोठी सेवा ती कोणती?

काशीदच्या आसपास असल्या पाठांची वाण नाहीं. पाठीशीं फणसाडचें अरण्य आहे. एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबांनीं शिकारीसाठीं राखलेलें हें रान १९८६ सालीं अभयारण्य झालें. त्याचा विस्तार सुमारें ५४ चौरस किलोमीटर असून त्यांत शेकरूचा वास आहे. उत्तरेस कोर्लईला कांहीं कुटुंबें पोर्तुगीज भाषेपासून निघालेली एक स्वतंत्र बोली अजून घरांत बोलतात. भाषा कशी प्रवास करते व कशी टिकते, हें शिकविण्यास ह्याहून चांगलें उदाहरण पुस्तकांत सांपडणार नाहीं. त्याच्याही पलीकडे रेवदंडा-चौल हें पुरातन बंदर. पंधराव्या शतकांत रशियांतून निघालेला अफानासी निकितिन हा व्यापारी चौलास उतरला होता, आणि त्याचा स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यास एका शाळेच्याच आवारांत उभा आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा तर जगाच्या शास्त्रज्ञांस माहीत आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नाजूक उपकरणें बिघडणार, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविलें गेलें. आणि लोखंडाचा संसर्ग नसावा म्हणून इमारतही चुंबकास न ओढणाऱ्या साहित्याची बांधली. लोहचुंबकाचा धडा पाठ करणाऱ्या रायगड जिल्ह्यांतील किती मुलांस ही हकीकत कोणीं सांगितली असेल? अभ्यासक्रम अरुंद असतो तो देशांत ज्ञानाची वाण आहे म्हणून नव्हे. शाळेची खिडकी लावून घेतलेली असते म्हणून तो अरुंद असतो.

आतां मुलांच्या मनःस्वास्थ्याकडे वळूं, कारण खरा प्रश्न तोच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला, आणि राज्यवार पाहतां ह्या दुर्दैवी यादींत महाराष्ट्र सर्वांच्या पुढें होता. ह्या प्रत्येक मृत्यूमागें निरनिराळीं व गुंतागुंतीचीं कारणें असतात. चित्रकलेचे दोन तास वाढविले कीं हें सर्व थांबेल, असें भाबडें विधान आम्ही करणार नाहीं. ज्याचें मन खरोखर आजारी आहे त्याला वैद्याची गरज आहे, आणि ती वेळेवर भागविली पाहिजे. पण एवढें तर कोणासही कबूल करावें लागेल कीं, ज्या शाळेंत मुलाची योग्यता मोजण्याचें एकच माप आहे, तेथें त्या मापास न उतरणाऱ्या मुलास तोंड लपवावयास दुसरी जागाच राहत नाहीं. वर्गांत गणितांत मागें असलेला मुलगा सुतारकामाच्या तासास चौघांचा पुढारी झाला, म्हणजे त्याच्या मनांत 'मी टाकाऊ नाहीं' हा जो विश्वास उत्पन्न होतो, तो घेऊनच तो दुसऱ्या दिवशीं गणिताच्या तासास बसतो. जी मुलगी चार लोकांत तोंड उघडीत नाहीं, ती गाण्याच्या किंवा नाटकाच्या निमित्तानें उघडते. खेळांत हरणें हें शिकलेलें मूल परीक्षेंत हरलें म्हणून सर्वस्व गेलें असें मानीत नाहीं. विविध विषय म्हणजे मुलाच्या आत्मविश्वासाच्या घराला ठेवलेलीं अनेक दारें होत. एक लागलें तर दुसऱ्यानें बाहेर पडतां येतें.

ह्याचा अनुभव कोंकणानें नुकताच घेतलेला आहे. मार्च २०२० पासून साथीमुळें शाळा बंद होत्या, आणि त्याच वर्षीं ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन धडकलें. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे व कौलें उडालीं, कित्येक शाळांचीं छपरें गेलीं. आई-बाप उन्मळलेल्या बागेकडे पाहत बसलेले ज्या मुलांनीं पाहिले, त्या मुलांस शाळा पुन्हां उघडल्यावर प्रथम काय पाहिजे होतें? राहिलेला भाग भरून काढण्याची घाई, कीं झालें गेलें बोलून दाखविण्यास, चित्रांत काढण्यास, चार सोबत्यांबरोबर एक रोप लावण्यास थोडी सवड? आम्हांस वाटतें, दुसरी गोष्ट झाली असती तर पहिलीही लवकर झाली असती.

हा विचार कांहीं परदेशांतून आणलेला नवा माल नव्हे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं प्राथमिक शाळेंत काय शिकवावें ह्याची यादीच दिली होती. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य ह्यांचेही पाठ तींत होते. आणि शेतीचे पाठ प्रत्यक्ष देतां यावेत म्हणून शाळेस लहानसें नमुन्याचें शेत जोडावें असेंही त्यांनीं सुचविलें होतें. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास भरलेल्या परिषदेंत महात्मा गांधींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली, व झाकिर हुसेन समितीनें तिचा अभ्यासक्रम तयार केला. ह्याच रायगड जिल्ह्यांत गागोदें येथें जन्मलेल्या विनोबांनीं शिक्षणाचें सार योग, उद्योग व सहयोग ह्या तीन शब्दांत सांगितलें. आणि ताराबाई मोडकांनीं तर १९४५ सालीं ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथें, व पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या सोबतीनें ही गोष्ट करूनच दाखविली. परदेशी बालशिक्षणाचीं महागडीं साधनें आदिवासी पाड्यावर कोठून आणावयाचीं? त्यांनीं शिंपले, बिया, पानें, खडे हींच साधनें केलीं, आणि मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. किनाऱ्यावरचा शिंपला हा शिक्षणाचें साधन होऊं शकतो, हें आमच्याच दोन स्त्रियांनीं सिद्ध केलेलें असतां आम्ही तें विसरून गेलों, ह्याचा खेद वाटतो.

वर्ध्याच्या योजनेचें पुढें जें झालें, त्यापासून एक धडाही घेतला पाहिजे. बाळासाहेब खेर ह्यांच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यांत मूलोद्योगाच्या शाळा निघाल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं टकळी हीच नवी घोकंपट्टी झाली, आणि साहेबांच्या मुलांस पुस्तकें व आमच्या मुलांस सूत असा ग्रह गरीब पालकांचा झाला. तो ग्रह सर्वस्वीं खोटा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. म्हणूनच आज काशीदसारख्या पर्यटनाच्या गांवीं जेव्हां व्यवसायशिक्षणाची भाषा निघते, तेव्हां आम्ही सावध असतों. कोळ्या-आगऱ्यांच्या, कातकऱ्यांच्या मुलांनीं पाहुण्यांचीं ताटें वाढावीं व घोडागाडी हांकावी, एवढ्याचसाठीं त्यांना हुन्नर शिकवावयाचा असेल, तर तो विस्तार नसून निराळ्या नांवाखालीं केलेला संकोच होय. काशीदच्या मुलीस समुद्रशास्त्रज्ञ होण्याचा मार्ग खुला पाहिजे, आणि मुंबईच्या वकिलाच्या मुलास स्वतःचें ताट धुतां आलें पाहिजे. विस्तृत अभ्यासक्रम सर्वांस सारखा विस्तृत असेल तरच तो न्यायाचा.

पालक म्हणतात, 'हें सारें ठीक आहे. पण नोकरी गुणांवर मिळते, गाण्यावर नाहीं.' त्यांची ही चिंता थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. ज्याच्या वाडींत पंधरा पोफळी उरल्या तो आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेकडे आशेनें पाहणारच. त्यास आमचें सांगणें इतकेंच कीं, आम्ही गुण सोडा असें म्हणत नाहीं. निरोगी शरीर, स्वस्थ मन आणि कामांत रमणारा हात ज्याला आहे, तोच गुणही टिकवितो. परीक्षेपर्यंत कसाबसा पोहोंचविलेला व नंतर पुस्तकाचा कायमचा कंटाळा आलेला मुलगा हा कोणत्याही पालकाच्या कष्टाचें चीज नव्हे. शिक्षक म्हणतात, 'आम्ही दोघे, वर्ग पांच. त्यांत निवडणुका, गणना व माहितीचे तक्ते. हें नवें ओझें कोठें ठेवूं?' ही तक्रार तर अक्षरशः खरी आहे. तिचा बोजा शिक्षकाच्या माथीं मारून भागणार नाहीं. तिचें उत्तर सरकारनें दिलें पाहिजे.

आणि सरकारचें उत्तर पाहावें तर कागदावर तें उत्तम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें अभ्यासाचा विषय व अभ्यासेतर विषय ही भिंत पाडावी असें सांगितलें, आणि सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना शाळा सुचविली. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यानें कला, शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य, आणि व्यवसायशिक्षण ह्यांना भाषा-गणिताच्या पंक्तीस बसविलें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ मध्यें पहिली ते आठवीसाठीं 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम काढला. शनिवार आनंददायी झाला ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु सोमवारपासून शुक्रवारपर्यंत काय, हा प्रश्न त्या नांवांतच दडलेला आहे.

खरी अडचण एका आंकड्यांत आहे, आणि तो आंकडा शंभर हा होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण ह्यांचे अंशकालीन निदेशक मिळतात ते सहावी ते आठवीच्या ज्या शाळेंत शंभरांहून अधिक मुलें आहेत तिलाच. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासंबंधीं जीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं, त्यांतही शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें समुपदेशक नेमावा, आणि लहान संस्थांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं संबंध जोडावा असें आहे. शहरांतील शाळेस शंभर ही संख्या हंसण्यावारी आहे. पण डोंगर आणि समुद्र ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत वसलेल्या गांवांतून एवढीं मुलें आणावयाचीं कोठून? राज्यांत २० हून कमी पट असलेल्या शाळाच १४ हजारांवर आहेत, हें २०२३ मध्यें सरकारनेंच जाहीर केलें. म्हणजे ज्या मुलांस चित्रकलेचा वर्ग, खेळाचा शिक्षक, मनाचा वैद्य ह्यांपैकीं कांहींही गांवांत दुसरीकडे मिळण्याजोगें नाहीं, नेमकीं तींच मुलें कायद्याच्या ह्या उंबरठ्याबाहेर राहतात. शहरांतील मुलगा शाळेंत न मिळालेलें गाणें शिकवणी लावून शिकेल. वाडीवरची मुलगी तें शाळेंत शिकली तर शिकली, नाहीं तर जन्मांत शिकत नाहीं.

ह्यावर तोड नाहीं असें नाहीं. आपल्याकडे दहा-बारा शाळांचें एक केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख ही व्यवस्था आज अस्तित्वांत आहे. पट शाळेचा न मोजतां केंद्राचा मोजावा, आणि प्रत्येक केंद्रास कलेचा, शारीरिक शिक्षणाचा व उद्योगाचा असे तीन फिरते शिक्षक, तुटपुंज्या मानधनावर नव्हे, पोटापुरत्या नियमित वेतनावर द्यावे. मनाच्या आजाराची पारख असलेला एक मनुष्य तालुक्यास ठेवून त्याच्या फेऱ्यांचे दिवस शाळाशाळांतून लावावे. ज्यांच्यापाशीं विद्या आहे पण पदवी नाहीं, अशा कोळ्यास, सुतारास, शाहिरास, वैदूस शाळेंत सन्मानानें बोलवावें व त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. पोहणें व पाण्यांतील सुरक्षितता हा विषय तर किनाऱ्यावरच्या, आणि सहली धाडणाऱ्या घाटावरच्याही, प्रत्येक शाळेंत पांचवीपासून आवश्यक करावा. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच शिफारस आहे, आणि फिनलंडसारख्या देशांत पोहणें अभ्यासक्रमांतच आहे. त्यासाठीं उघड्या समुद्रांत मुलें लोटण्याचें कारण नाहीं. बांधलेलें तळें, शांत पाणी व जाणता माणूस एवढें पुरे. मुलींस ह्यांतून वगळण्याची सबब आम्ही ऐकून घेणार नाहीं. समुद्र बुडवितांना मुलगा-मुलगी पाहत नाहीं. स्त्री शिक्षिका, वेगळी वेळ, सोयीचा पोषाख ह्यांची तजवीज केली म्हणजे लोकलज्जेचा प्रश्न सुटतो. मात्र एक सांभाळावें. ह्या विषयांचीही गुणपत्रिका करून त्यांत पहिला-दुसरा लावण्याचा मोह आवरावा. नाहीं तर औषधच रोग होऊन बसेल.

सरकार करील तेव्हां करील. तोंवर पालकांच्या हातीं कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. त्याच २००९ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांतून व्यवस्थापन समिति नेमावयाची असून तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक, व निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या असें ठरविलें आहे. समितीचा पाऊणपट भाग ज्यांचा, त्यांचा शब्द शाळेंत पाऊणपट चालावयास कोण आड येतें? पुढील सभेंत पालकांनीं दोनच प्रश्न विचारावे. खेळाचा, चित्राचा व हातकामाचा तास ह्या महिन्यांत किती वेळां खरोखर झाला? आणि आमच्या मुलांस पाण्याविषयीं काय शिकविलें? उत्तर समाधानकारक नसेल तर तें सभेच्या इतिवृत्तांत लिहून घ्यावें. असले दोन साधे प्रश्न पुष्कळदां मोठ्या अहवालाहून अधिक काम करतात.

पुन्हां सहलींचे दिवस येतील. पुन्हां काशीदच्या सुरुबनापाशीं गाडीचें दार उघडेल, आणि जन्मांत पहिल्यानें समुद्र पाहणारीं मुलें पाण्याकडे धांवत सुटतील. त्यांना अडवूं नये अशी आमची इच्छा आहे. तो आनंद त्यांचा हक्कच आहे. परंतु त्यांतल्या एकानें तरी कांठावर थबकून, 'गुरुजी, आज तिथि कोणती? आतां भरती कीं ओहोटी?' असें विचारावें. तो प्रश्न ज्या दिवशीं ऐकूं येईल, त्या दिवशीं आमच्या शाळांचें वेळापत्रक सुधारलें असें आम्ही मानूं. तोंपर्यंत हा विषय आम्हीं सोडला असें कोणीं समजूं नये.